कोक्यू१० सात महिने, पेप्टाइडच्या सहा सुया: फोंड्याच्या पावसातला अनुभव

काल विक्रेत्याशी तिसऱ्यांदा वाजलं, म्हणून लिहूनच टाकतो. वय थोपवायला म्हणून टोचून घ्यायच्या पेप्टाइडची (अमिनो आम्लांची छोटी साखळी) दुसरी कुपी चार दिवसांनी फोंड्याला पोचली, थर्माकोलच्या डब्यातला आइस पॅक पार कोमट. फोनवरचा मुलगा म्हणतो, "सर, पावडर आहे, काही होत नाही." मग गेल्या महिन्यात पाच तास लाईट गेली तेव्हा "फ्रीज उघडू नका सर" हे यानेच का सांगितलं?

आधी कोक्यू१०, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं, शरीरातच असणारं द्रव्य, कॅप्सुलीत. रोज १०० मिलिग्रॅम, जेवणासोबत. गुणाचं नंतर, आधी बाटलीचं. जूनमध्ये कॅप्सुली एकमेकींना अशा चिकटल्या की चमच्याच्या दांड्याने सोडवाव्या लागल्या. दोन फुटल्या. अठ्ठावीस रुपयांची एक! नारिंगी तेल भातावर ओतून खाल्लं, फेकवेना. आतली सिलिकाची पुडी नखाएवढी. ती सोलापुरात पुरत असेल. शेवटी मिठात घालतो तशी तांदळाची पुरचुंडी घातली. तेव्हापासून सुट्या आहेत.

एप्रिलमध्ये भावोजींना सांगितलं होतं की थकवा गेला. ते मागे घेतो. त्याच महिन्यापासून मी रोज फर्मागुडीचा चढ चढतोय, हे बायकोने लक्षात आणून दिलं. सोबतच्या व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या तर बंदच केल्या. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांना व्यायामाने इन्सुलिनच्या बाबतीत होणारा फायदा झालाच नाही. म्हणजे घाम गाळायचा आणि वर पैसे मोजून तो पुसायचा! कोक्यू१० चालू आहे ते स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे. त्या गोळीने शरीरातलं कोक्यू१० कमी होतं. पोटऱ्या जरा कमी दुखतात, की मला तसं वाटतं.

पेप्टाइड म्हणजे मॉट्स-सी. १६ अमिनो आम्लांची साखळी, ती बनवायची कृती पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, स्वतःच्या डीएनएत, शोध २०१५ चा. वाचायला झकास, पण वय थोपवण्याच्या गोष्टी उंदरांच्या. मायटोकॉन्ड्रियावरच काम करणाऱ्या इलामिप्रेटाइड या दुसऱ्या पेप्टाइडला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली, तीही बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आजारासाठी. माझ्या पोटावर सहा सुयांच्या सहा लाल गाठी उठल्या, बस्स. मग चष्मा लावून लेबल वाचलं: फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे टोचून घ्यायच्या आधी दाखवायचं."

दुसरी कुपी सोलकढीच्या भांड्यामागे आहे. पैसे परत येईपर्यंत पुरावा म्हणून ठेवणार. चवथीआधी जागा रिकामी हवी, अशी घरातून तंबी आहे.