क्रूझरसाठी काढता-घालता येणारे विंडशील्ड: वारा अडतो, पण फुटतो कुठे?

क्रूझर मोटरसायकलची ऐट तिच्या बैठकीत असते आणि वाऱ्याचा त्रासही त्याच बैठकीमुळे होतो. पाय पुढे, पाठ ताठ आणि हात रुंद पसरलेले असले की छाती वाऱ्याला सरळ सामोरी जाते, आणि पाय अंगाखाली नसल्यामुळे कमरेतून पुढे झुकून तो जोर तोलणेही जमत नाही. स्पोर्ट बाईकवर पुढे वाकलेल्या चालकाच्या मनगटांवरचा भार वारा थोडा हलकाच करतो. क्रूझरवर मात्र तो माणसाला मागे ढकलत राहतो आणि चालक नकळत हँडलला लटकू लागतो. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 60 किलोमीटरला जेमतेम जाणवणारा जोर 100 ला जवळपास पावणेतीन पट झालेला असतो. लांबच्या प्रवासात क्रूझरवाल्याची पाठ बोलण्याआधी खांदे आणि मान बोलू लागतात, ते यामुळेच.

हे परीक्षण फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) बसणाऱ्या, हाताने काढता-घालता येणाऱ्या उंच विंडशील्डचे, म्हणजे वारा अडवणाऱ्या काचेचे आहे. ज्या बाईकवर ते बसवले, तिच्यावर रायझर (हँडलखाली बसणारे उंचवटे) घालून हँडल आधीच उंच केलेले होते आणि फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्याही पुढे सरकवलेल्या होत्या. या दोन्ही बदलांमुळे बाईक डौलदार दिसते. पण हात वर गेले की काखांपासून पोटापर्यंतचा सगळा भाग वाऱ्याला मोकळा मिळतो, हे बदल करून देणारे सहसा सांगत नाहीत. (हँडल उंच करताना क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकचा होज पुरतो का, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासलेच पाहिजे. ताणलेला होज धोकादायक असतो.) त्यामुळे अशा बाईकवर विंडशील्ड ही चैन नसून आधीच्या बदलांनी मागे ठेवलेली उधारी फेडण्याची सोय आहे.

बांधणी चांगली आहे. काच पॉलिकार्बोनेट या चिवट, पारदर्शक प्लास्टिकची असून वरच्या बाजूला हलकी मागे कललेली आहे. फोर्कच्या दोन्ही नळ्यांवर प्रत्येकी दोन, असे चार क्लॅम्प कायमचे राहतात आणि विंडशील्डचे धातूचे हात त्यांच्या रबरी बुशांवर अडकून दोन खटक्यांनी पक्के होतात. क्लॅम्प जागेवर असतील तर काच काढायला पाना लागत नाही. गावात फिरताना ती उतरवून ठेवायची आणि हमरस्त्यासाठी चढवायची, ही कल्पना प्रत्यक्षात खरोखर चालते. मात्र मागवण्यापूर्वी फोर्कच्या नळीचा व्यास मोजावा. क्रूझरमध्ये 41 मिलिमीटरचे फोर्क बरेच आढळतात, पण 39, 43 आणि 49 मिलिमीटरचेही असतात. मिलिमीटरभर सैल क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी भरून काम भागवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये.

बसवण्याच्या कामात एकच गोष्ट खटकली, पण ती मोठी आहे. सोबत दिलेल्या कागदावर बोल्ट किती आवळायचे याचा आकडाच नाही. ‘घट्ट करा’ एवढेच छापले आहे. पॉलिकार्बोनेटवर थेट धातू दाबला की छिद्राभोवती ताण साठतो आणि पुढे तिथूनच बारीक तडे सुरू होतात. म्हणून काचेच्या दोन्ही बाजूंना रबर किंवा नायलॉनचा वॉशर असलाच पाहिजे आणि रबर किंचित फुगलेले दिसले की हात थांबवला पाहिजे. उलट फोर्कवरचे क्लॅम्प मात्र पक्के हवेत, कारण ते घसरले तर काच हेडलाइटवर येते. थोडे अंतर चालवून झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासणे गरजेचे आहे. रबर बसले की पहिली आवळणी हमखास ढिली पडते.

आता मुख्य मुद्द्याकडे. पहिल्याच वेगवान प्रवासात छातीवरचा वारा जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी डोके गदागदा हलू लागले. ताशी 80 च्या पुढे हेल्मेटवर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थपडा बसाव्यात तशी अवस्था होती आणि समोरच्या पाट्या धूसर दिसत होत्या. हा दोष काचेच्या गुणवत्तेचा नसून उंचीचा आहे, आणि अशा विंडशील्डच्या जाहिराती नेमक्या याच बाबतीत दिशाभूल करतात. काच वारा संपवत नाही. ती त्याला वर आणि बाजूंना वळवते. वरच्या कडेवरून सुटलेली हवा सरळ जात नाही, तिचे भोवरे होतात. काचेच्या मागे हवेचा दाब कमी असल्यामुळे ते भोवरे आत ओढले जातात, आणि त्यांच्या वाटेत हेल्मेट असले की मान झटके खाते. डोके या पट्ट्याच्या पूर्ण खाली असावे, नाहीतर स्वच्छ, एकसंध वाऱ्यात असावे. मधल्या जागेत ते असणे सर्वांत वाईट. एकसंध वारा जोराचा असला तरी सहन होतो, तुटक वारा होत नाही.

आपले डोके कोणत्या पट्ट्यात आहे हे ओळखण्यासाठी मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्थिर वेगात असताना सीटवरून थोडे उठून पाहावे. चार बोटे वर जाताच थरथर थांबली, तर काच उंच नसून बुटकी हवी आहे. खाली वाकल्यावर शांतता मिळाली, तर उंची वाढवायला हवी. याहून स्पष्ट उत्तर लोकरीच्या धाग्यांनी मिळते. बोटभर लांबीचे धागे कागदी चिकटपट्टीने काचेच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेजवळ आणि खाली हेडलाइटच्या खाचेपाशी चिकटवले आणि मागून आरशाजवळ धरलेल्या कॅमेऱ्याने टिपले (कॅमेरा अर्थातच मागे बसलेल्याच्या हातात होता). वरच्या कडेचे धागे अपेक्षेप्रमाणे मागे वळून फडफडत होते. खालच्या खाचेजवळचे धागे मात्र ताठ वर उभे होते. म्हणजे हेडलाइट आणि फोर्क यांच्या मधल्या फटीतून हवेचा झोत वर येऊन थेट हनुवटीखाली शिरत होता. थपडांचा निम्मा उगम वर नव्हे, खाली होता.

त्यावर दोन उपाय केले. विंडशील्डच्या धातूच्या हातांवरच्या खाचांमधून काच शक्य तितकी खाली आणि थोडी अधिक मागे कलती केली, म्हणजे वरची कड नाकाच्या रेषेच्या किंचित खाली आली. चालकाने काचेतून नव्हे, काचेवरून पाहावे, हा जुना नियम इथे दोन्ही अर्थांनी लागू पडतो: वाऱ्यासाठीही आणि नजरेसाठीही. दुसरा उपाय म्हणजे फोर्कवर, खालच्या यॉकच्या (दोन्ही नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) पातळीला लावायचे छोटे डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारे पडदे, जे वेगळे विकत घ्यावे लागतात. त्यांनी खालचा झोत अडवल्यावर हेल्मेटची थरथर इतकी कमी झाली की वरची कड आणखी कापण्याची वेळ आली नाही. ज्यांना कापावी लागेल, त्यांनी चिकटपट्टी लावून, बारीक दातांच्या पात्याने, एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरच कापावे. पॉलिकार्बोनेट हे सोसते. ॲक्रिलिकची काच असेल तर तडकण्याची भीती जास्त असते. हे डिफ्लेक्टर मूळ संचातच असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्याशिवाय विकलेले उंच विंडशील्ड हे अर्धेच उत्पादन आहे.

आवाजाबाबत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. ताशी 100 किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो, तर कामाच्या ठिकाणी 8 तासांसाठी सुचवली जाणारी मर्यादा 85 डेसिबलची आहे. चुकीच्या उंचीच्या काचेने हा आवाज वाढतो, योग्य उंचीच्या काचेने काहीसा घटतो, पण कानांसाठी इअर प्लगला पर्याय नाही.

आडव्या वाऱ्यात या विंडशील्डची दुसरी बाजू दिसते. ते फोर्कवर बसलेले असल्यामुळे बाजूने आलेला झोत काचेवर आदळतो आणि ती ढकल थेट हँडलपर्यंत पोचते. चौकटीवर बसणाऱ्या फेअरिंगमध्ये (बाईकच्या पुढच्या भागाला झाकणाऱ्या कवचात) ही ढकल बाईकच्या सांगाड्यावर जाते आणि हँडल त्या मानाने शांत राहते. हार्ले-डेव्हिडसनच्या ताफ्यात हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी पाहायला मिळतात: 1969 पासूनचे फोर्कवरचे ‘बॅटविंग’ फेअरिंग आणि रोड ग्लाइड या मॉडेलचे चौकटीवर घट्ट बसवलेले फेअरिंग. फोर्कवरच्या पद्धतीचा फायदा असा की काच हँडलबरोबर वळते, दिसायला क्रूझरचे साधे रूप बिघडत नाही आणि ती काढताही येते. 1994 मध्ये आलेल्या रोड किंगची ओळखच काढता येणाऱ्या विंडशील्डमुळे झाली. तोटा आडव्या वाऱ्यात भोगावा लागतो.

मोठा ट्रक समोरून येतो किंवा आपण त्याला मागे टाकतो, तेव्हा हे चांगलेच कळते. समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी दाबलेली हवा आधी बाईकला बाहेर ढकलते आणि पुढच्याच क्षणी त्याच्या बाजूचा कमी दाब आत खेचतो; ट्रकला मागे टाकताना हाच क्रम उलटा होतो. काच नसताना ही ढकल अंगावर येते, काच असताना हातात येते. अशा वेळी हँडल आवळून धरणे हाच सर्वांत वाईट उपाय ठरतो, कारण आपल्या अंगाची प्रत्येक हालचाल चाकापर्यंत पोचते. पकड सैल, कोपर वाकलेले आणि गुडघे टाकीला टेकलेले ठेवून वाऱ्याच्या बाजूचे हँडल हलकेच पुढे दाबले की बाईक त्या बाजूला कलते आणि आपली रेषा धरते. मागे सामानाने भरलेली उंच पेटी आणि पुढे ही काच, असे दोन्ही असताना वेगात मागचा भाग डुलल्यासारखे वाटले तर वेग हळूहळू उतरवावा, जड सामान खालच्या सॅडल बॅगांत हलवावे आणि टायरमधील हवा तपासावी. सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशी मी ही काच घरी ठेवणेच पसंत करतो.

उन्हाळ्याचा प्रश्न याहून साधा आहे: छातीवरचा वारा गेला की गारवाही जातो, आणि इंजिनची उष्णता मांड्यांपाशी रेंगाळते. थंडीत आणि पावसात मात्र हीच काच सोन्यासारखी वाटते. अंगाला लागणारे पाणी खूप घटते, अर्थात थांबलेल्या बाईकवर तिचा काही उपयोग नाही.

निगेबाबत एक कडक सूचना द्यायला हवी. पॉलिकार्बोनेट दगडाच्या माराने सहसा फुटत नाही, पण ते ओरखड्यांना हळवे असते, आणि घरातल्या काचा पुसण्याच्या अमोनियायुक्त द्रवाने किंवा पेट्रोलने त्यावर जाळीदार तडे पडू शकतात. वाळलेले किडे कोरड्या फडक्याने घासणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच. ओले फडके काही वेळ काचेवर पसरून ठेवावे, मग सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने उभ्या दिशेने पुसावे. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत प्रत्येक ओरखडा चमकतो; वरची कड डोळ्यांच्या खाली ठेवण्याचे हे आणखी एक कारण. पार्किंगमध्ये टाकीवरून पेट्रोल सांडले तर ते लगेच धुऊन काढावे. या संचातल्या काचेवर कठीण थर आहे असे उत्पादक म्हणतो. तो थर तसा टिकला आहे, फक्त खटक्यांजवळच्या रबरांवर घासल्याच्या खुणा दिसू लागल्या आहेत आणि सुटी रबरे स्वतंत्रपणे मिळत नाहीत, पूर्ण जोड घ्यावा लागतो.

ज्यांची क्रूझर बहुतेक वेळ ताशी 60 च्या आतच धावते, त्यांनी हा खर्च करू नये. रायझर थोडे खाली घेतले तर त्यांचे काम भागेल. लांबचा आणि वेगवान प्रवास करणाऱ्यांना मी हे विंडशील्ड सुचवीन, पण मधल्या उंचीची काच मागवून आणि खालच्या डिफ्लेक्टरांचा खर्च आधीच धरून. उंच चालकांनी आपल्या सीटवर बसून जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजावी आणि वरच्या कडेचे माप विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण ‘उंच’, ‘मध्यम’ आणि ‘बुटके’ हे शब्द प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने वापरतो.