लक्ष्मीच्या साडीचा लाल: रविवर्मा छापांच्या नव्या प्रती घेताना

रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या नव्या प्रती सध्या दोन रूपांत मिळतात. मॅट कॅनव्हासवर इंकजेटने छापलेली, 'व्हिंटेज' दिसावी म्हणून पिवळसर केलेली प्रत घरसजावटीच्या दुकानांत आणि ऑनलाइन विकली जाते. चकचकीत आर्ट पेपरवरची, ऑफसेटने छापलेली काचेची तसबीर पूजासाहित्याच्या दुकानात असते आणि बरीच स्वस्त असते. पहिलीला सुरुची म्हणतात, दुसरीला भडक. मूळ छापाच्या जवळ आहे ती दुसरीच.

1894 मध्ये गिरगावात सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला हा छापखाना ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत दगडी छाप, काढायचा. प्रत्येक रंगाला वेगळा चुनखडीचा दगड. त्यावर ठिपके हाताने भरायचे आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. एखादा दगड केसभर सरकला की ओठाचा रंग ओठाबाहेर. शेवटी वॉर्निश. तैलचित्राची झळाळी साध्या घराच्या भिंतीवर यावी, हाच सगळा उद्देश. घेणाऱ्यांना तीही पुरत नसे. छापावर खरी जर आणि टिकल्या लावून देवीला नेसवलं-सजवलं जाई.

कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींनी रविवर्म्याच्या चित्रांना नाटकी ठरवलं होतं. निरीक्षण बरोबर आहे, निकाल पटत नाही. लक्ष्मी कमळावर उभी आहे ती रंगमंचाच्या कडेला येऊन प्रेक्षकांसमोर उभं राहावं तशी. अतिरेकी सजावट, ठरवून घेतलेली पोज आणि त्यामागे संपूर्ण श्रद्धा: इंग्रजीत ज्याला कॅम्प म्हणतात त्याच्या अगदी शेजारचं हे घर. पण समईच्या उजेडात, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दागिने दिसायला हवेत, तर असंच रंगवावं लागतं. हे चित्र जोखायचं ते याच कामावर.

त्या कामात मॅट कॅनव्हास नापास होतो. बहुतेक प्रती जुन्या, वॉर्निश पिवळं पडलेल्या छापाच्या स्कॅनवरून काढतात आणि तो पिवळेपणा मूळ रंग समजून तसाच ठेवतात. मग लक्ष्मीची लाल साडी विटकरी होते, सरस्वतीची पांढरी साडी चहात बुडवल्यासारखी दिसते. दुसरा घोटाळा कडांचा. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना चारही बाजूंनी इंच-दीड इंच चित्र मागे वळतं. कडेजवळचा हत्ती कापला जातो. ऑर्डर देताना कडेला कोरी पट्टी ठेवून छापायला सांगा. फाइलही विचारा: 20 बाय 14 इंचांसाठी 6000 बाय 4200 पिक्सेल हवेत. निम्म्यावर आलात की जरीचे काठ सोनेरी चिखल होतात.

ऑफसेट प्रतीतही खोट असते. छापील चित्राचा स्कॅन करून पुन्हा छापलं की छपाईच्या ठिपक्यांच्या दोन जाळ्या एकमेकींवर येतात आणि गालावर चौकटींची नक्षी उमटते. दुकानात तसबीर तिरकी धरून चेहरा बघा. तिथे स्वच्छ असेल तर बिनदिक्कत घ्या.

जुना अस्सल छाप म्हणून कोणी काही दाखवलं तर दहापट भिंग लावा. दगडी छापात ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. ऑफसेटमध्ये ठरावीक अंतरावर फुलासारखे गोल. इंकजेटमध्ये बारीक फवारा. खालच्या समासातलं प्रेसचं नाव उपयोगी, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण नावासकट स्कॅन होतं. फ्रेम जुनी असण्याला तर काहीच किंमत नाही. जुन्या चौकटीत नवा कागद बसवणं सर्वांत सोपं.

फ्रेम करताना चित्र काचेला टेकू देऊ नका. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात वॉर्निश काचेला चिकटतं आणि सोडवताना रंगासकट निघतं. मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवी, तीही आम्लविरहित. मागे उघडं प्लायवूड लावलं तर कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. टिकल्यांच्या छापाला खोल पेटीसारखी फ्रेम लागते. त्यावरची जर काळी पडली असेल तर चांदी उजळायची पावडर लावू नका, खालचा रंग खरवडला जातो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बाकी काळेपणा राहू द्या.