कंप्रेशन गेज आणि अवर मीटर: आठ महिन्यांनंतर

माझी 250 सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाईक सेकंड हँड आहे. "पिस्टन आत्ताच बदललाय," असं आधीचा मालक म्हणाला होता. ते काय, विकताना सगळेच म्हणतात. म्हणून स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचं, इंजिन किती तास चाललं ते मोजणारं अवर मीटर आणि प्लगच्या जागी पिळून बसवायचं, सिलिंडरमधला दाब मोजणारं कंप्रेशन गेज घेतलं. त्यानंतर साधारण 60 तास गाडी चालली.

अवर मीटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चिखलपाण्यातही चालू राहिलं. फक्त रमतगमत चालवलेला तास आणि रेतीत फुल थ्रॉटल रगडलेला तास त्याला सारखाच.

गेजने मात्र पहिल्याच दिवशी घाम फोडला. 115 पीएसआय! दाब एवढा कमी म्हणजे पिस्टन झिजलेला. हेड खोलायला पाना हातात घेतला, तेव्हा लक्षात आलं की थ्रॉटल बंद ठेवूनच किक मारतोय. पूर्ण उघडून, सुई चढायची थांबेपर्यंत किक मारल्या तर 150. मित्राच्या गेजवर हेच इंजिन 170 दाखवतं. फरक नळीत आहे. त्याच्या गेजचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी, माझा डायलपाशी. त्यामुळे माझ्या नळीतली पोकळी चेंबरमध्ये (प्लगखालची, मिश्रण जळतं ती जागा) धरली जाते, आणि चेंबर मुळातच एवढासा, म्हणून आकडा पडतो. तेव्हापासून दुसऱ्यांचे आकडे विचारणं सोडलं. गरम इंजिन, तेच गेज, दर दहा तासांनी वहीत नोंद.

35 तासांच्या आसपास थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येईना. गेज निवांतपणे 146 दाखवत होतं, म्हणून दोन रविवार कार्ब्युरेटरचे जेट बदलण्यात घालवले. शेवटी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत 6 पीएसआय हवा भरली आणि मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलवर (क्रँकशाफ्टभोवतीची हवाबंद रबरी कडी) साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडे! तिथून हवा ओढून मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं. आणखी थोडं रेटलं असतं तर पिस्टन वितळला असता. (क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल पितं आणि पांढरा धूर सोडतं, ते निदान दिसतं तरी.) क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागात, काय चाललंय, याचा गेजला पत्ताच नसतो.

50 तासांना वहीत 128 आला. चालवताना मला काहीच जाणवलं नव्हतं, रोज थोडं थोडं कमी होतं ना. सिलिंडर काढला. रिंगच्या (पिस्टनभोवतीची, गॅस अडवणारी कडी) खाली पिस्टनवर तपकिरी डाग, म्हणजे गॅस खाली उतरत होता. जुनी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला: टोकांमधली फट 0.75 मिमी. नव्या रिंगची 0.40. सिलिंडरच्या प्लेटिंगवर होनिंगच्या रेघा (तेल धरून ठेवणारे बारीक ओरखडे) अजून शाबूत होत्या, त्यामुळे पिस्टन, रिंग, पिन, स्मॉल एंड बेअरिंग आणि गॅस्केट एवढ्यावर भागलं. उघडलंच आहे म्हणून कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहिला. बाजूला थोडा सरकतो, तो सरकायचाच. पण वर-खाली टक् वाजलं असतं तर क्रँकही बाहेर काढावा लागला असता. वाजलं नाही.

रनिंग-इन (नवे भाग सावकाश चालवून बसवणं) झाल्यावर 158.

नवीन घेणार असाल तर व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला असलेलं गेज घ्या. मी माझं बदललेलं नाही, वहीतले सगळे आकडे याच गेजचे आहेत.