टाकीवर ईएसपी-३२, टेबलावर रास्पबेरी पाय

घरच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रोजेक्टसाठी पहिला बोर्ड घ्यायला निघालेल्यांच्या तोंडी बहुधा एकच नाव असतं: रास्पबेरी पाय. घ्या की, नको कोण म्हणतंय! पण तो बसणार कुठं, ते आधी ठरवा. घरात टेबलावर, गच्चीत टाकीशेजारी, अक्कलकोट रोडला एखाद्या यंत्रमागाजवळ, की डाळिंबाच्या बागेत? सोलापुरात बोर्ड निवडताना प्रोसेसरचा वेग मागाहून बघावा. आधी ऊन, धूळ आणि लाईट.

माझा कौल लगेच देतो. सेन्सर वाचायचा, रिले (करंटनं चालणारा छोटा स्विच) चालू-बंद करायचा, मोबाईलवर आकडा बघायचा, एवढंच काम असेल तर ईएसपी-३२. कॅमेरा, स्क्रीन, घरातला छोटा सर्व्हर किंवा लिनक्स शिकणं असेल तर पाय.

पाय हा पुरता कॉम्प्युटर आहे. मेमरी कार्डावरून लिनक्स सुरू होतं आणि मग तुमचा प्रोग्रॅम. ईएसपी-३२ मायक्रोकंट्रोलर आहे. आत एकच प्रोग्रॅम, करंट आला की लगेच कामाला. मध्येच लाईट गेली तरी त्याला सोयरसुतक नाही. पाय कार्डावर काही लिहीत असताना करंट गेला, तर मात्र कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडू शकते, आणि वळवाच्या दिवसांत आपल्याकडं लाईट कशी ये-जा करते ते काय सांगायचं. सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम चालू केली की कार्डावरचं लिहिणं थांबतं, पण मग नोंदी ठेवायला दुसरी जागा शोधावी लागते. घड्याळाचीही गोष्ट आहे. पाय ४ आणि झिरो २ डब्ल्यू या पायच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाईट आल्यावर इंटरनेट उशिरा सुरू झालं, तर तोवरच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. पाय ५ मध्ये ते आहे, सेल तेवढा वेगळा लावायचा. ईएसपी-३२ला गरज पडली तर डीएस३२३१ या घड्याळाचं छोटं मॉड्यूल जोडता येतं.

आता टाकी. नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात पाण्याची पातळी कळणं हाच पहिला प्रोजेक्ट असावा, रोज वापरात तरी राहतो. बहुतेक जण एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतात. स्वस्त आहे, कागदावर २ ते ४०० सेंटिमीटर मोजतो, पण टाकीतल्या वाफेत उघडा सेन्सर फार टिकत नाही. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी बरा. त्याला अगदी जवळचं दिसत नाही, साधारण २० ते २५ सेंटिमीटर सोडावे लागतात. म्हणून तो टाकीच्या तोंडाशी घट्ट न बसवता थोडा उंच बसवा, नाहीतर टाकी भरत आली की आकडे वेड्यासारखे उड्या मारतात.

इथं एक फरक पैशाचा आहे. हे सेन्सर ५ व्होल्टवर चालवले की उत्तरही ५ व्होल्टचंच देतात. अर्डुइनो उनो या साध्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला ते चालतं. पाय आणि ईएसपी-३२ दोघांच्या पिना ३.३ व्होल्टच्या, १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. पायच्या पिनेवर थेट ५ व्होल्ट म्हणजे महागाचा बोर्ड पणाला. ईएसपी-३२ गेला तर नुकसान चारपाचशेच्या आसपास.

मोटार आपोआप बंद करायची हौस असेल तर निळ्या छोट्या रिलेवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून मोटार थेट जोडू नका. सुरू होताना मोटार त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. रिलेनं कॉन्टॅक्टर (मोठा करंट पेलणारा स्विच) चालवा, कॉन्टॅक्टरनं मोटार, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्या. शिवाय ईएसपी-३२ची १२ नंबरची पिन रिलेला देऊ नका. सुरू होताना ती वर ओढलेली राहिली तर बोर्ड चालूच होत नाही.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या पत्र्याखाली पाय ५ ठेवणं मला पटत नाही. ८० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करू लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीपार असतो. पंखा लावला तर मागाच्या शेडमधले कापसाचे तंतू त्यात अडकणार. तिथं पंख्याशिवाय चालणारा बोर्डच हवा.

कॅमेऱ्याला मात्र पायच. ईएसपी-३२ कॅम दोन मेगापिक्सेलचे फोटो पाठवतो, दारात कोण आलं तेवढं कळतं. नीट व्हिडिओ आणि हलणारी वस्तू ओळखणं हवं तर पाय ४ किंवा ५. झिरो २ डब्ल्यूत रॅम फक्त ५१२ एमबी, तरी साध्या कॅमेऱ्याला पुरे. कॅमेऱ्याची केबल बघून घ्या: झिरो आणि पाय ५चा सॉकेट अरुंद, पाय ४चा रुंद. पाय ५ घेणाऱ्यांनी जुने व्हिडिओ बघून पिना चालवायला आरपीआय.जीपीआयओ वापरू नये, त्यावर ती लायब्ररी चालत नाही, जीपीआयओ-झिरो वापरा. पॉटेंशिओमीटरसारखं (फिरवायचं बटण) ॲनालॉग, म्हणजे सलग कमी-जास्त होणारं व्होल्टेज वाचायचं असेल तर कुठल्याही पायला एमसीपी३००८सारखी वेगळी चिप लागते. ईएसपी-३२ आणि रास्पबेरी पायच्याच पिको या मायक्रोकंट्रोलर बोर्डात ती सोय आतच आहे.

पिको आणि उनोबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेला पिको मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) शिकायला छान, पण वाय-फाय हवं तर पिको डब्ल्यू घ्या. उनोच्या आर३ मॉडेलची रॅम २ केबी. शाळकरी पोराच्या हातात द्यायला तोच दणकट.

बागेत बॅटरीवर ठेवायचं तर पाय सोडाच. ईएसपी-३२ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. ही गोष्ट चिपची झाली. डेव्हलपमेंट बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि लाल दिवा मिळून त्याहून खूप जास्त खातात. सेल महिनोन्‌महिने टिकवायचा असेल तर बोर्ड त्या दृष्टीनं निवडा. मातीचा ओलावा मोजायला कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, उघड्या काट्यांचा गंजतो.

खरेदीला हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन बुधवार पेठेत फिरणं मजेचं आहे, पण एका बोर्डासाठी ऑनलाइन पुरे. पाय घेताना नुसत्या बोर्डाची किंमत बघू नका. पाय ५ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, कार्ड, कूलर आणि मायक्रो एचडीएमआय केबल धरा, शिवाय मेमरी चिपच्या भाववाढीनं बोर्डही महागलाय. ईएसपी-३२ घेताना दोन गोष्टी: त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिसतं, आणि घरात पडलेली जुनी यूएसबी केबल नुसती चार्जिंगची निघू शकते. बोर्डाचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरवर पोर्ट दिसत नाही, तेव्हा बोर्ड परत पाठवण्याआधी केबल बदलून बघा.