क्यू, झेड, जे, एक्स असलेले लांब इंग्रजी शब्द कुठे शोधायचे?

भुसावळला आमचे नाना रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून रोज इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. भाची धडगावकडे आश्रमशाळेवर शिकवते. तिला मुलांच्या खेळासाठी दहा-बारा अक्षरी शब्द लागतात, त्यातही क्यू, झेड, जे, एक्स यांपैकी दोन तरी अक्षरं हवीत. स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळाच्या 100 सोंगट्यांत ही चारही अक्षरं एकेकदाच येतात, क्यू आणि झेडला 10 गुण, जे आणि एक्सला 8, म्हणून मुलांना त्यांचं अप्रूप. दोघांनी एकाच आठवड्यात मला विचारलं की हे शब्द शोधायला काय वापरायचं. मी दोघांना वेगवेगळं सांगितलं, कारण त्यांचा प्रश्न दिसायला एक असला तरी मुळात एक नाही.

नानांना अक्षराची जागा माहीत असते. त्या दिवशीचं कोडं असं होतं: नऊ चौकोन, दुसरं अक्षर एक्स, सहावं क्यू, अर्थ सरकारी तिजोरी. नाना ओट्यावर जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेऊन, भिंग लावून 'ई-एक्स'ची पानं चाळत होते. दुसरा एक्स म्हटल्यावर पहिलं अक्षर बहुधा ई, एवढं त्यांचं त्यांनीच काढलं होतं. कागदी डिक्शनरीचा उपयोग इथपर्यंतच. सुरुवात हातात असेल तर ती साथ देते. मधलं अक्षर धरून शोधायचं तर पान न् पान वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

मी मोबाइलवर वनलुक ही शब्द शोधायची वेबसाइट उघडली. तिथे एका अज्ञात अक्षरासाठी एक प्रश्नचिन्ह टाकायचं, कितीही अक्षरं असतील तर फुली, म्हणजे * हे चिन्ह. प्रश्नचिन्ह, एक्स, तीन प्रश्नचिन्हं, क्यू, पुन्हा तीन प्रश्नचिन्हं. यादीत 'एक्सचेकर' आलं. नाना म्हणाले, "तुझ्या मोबाइलले हे कसं समजलं रे? बोलताना तर क्यू कुठंच ऐकू येत नाही." खरंच आहे. आपल्याकडे डोळ्याला डोया म्हणणारा माणूसही लिहिताना ळ काढतो, पण इंग्रजीत कानावर विसंबलं की क्यूचा क होतो आणि शब्द हातचा जातो. जागा माहीत असेल तर वनलुकसारखं दुसरं सोपं साधन मला तरी सापडलेलं नाही. फक्त नेट हवं.

भाचीची गोष्ट इथेच वेगळी पडते. तिच्याकडे रेंज कधी असते, कधी डोंगरापलीकडे जाते. आणि तिला अक्षरांच्या जागेशी काही देणंघेणं नाही, ती शब्दात कुठेही असली तरी चालतात. वनलुकमध्ये फुली, क्यू, फुली, झेड, फुली असं टाकलं तर क्यू आधी आणि झेड नंतर असलेलेच शब्द येतात. 'सॉलिलोक्वाइझ' येईल, पत्त्यांच्या खेळाचं नाव 'बेझिक' येणार नाही, कारण त्यात झेड आधी आहे. असं एकाच नमुन्याने शोधायचं तर उलटा क्रमही वेगळा शोधावा लागतो. तीन अक्षरं असतील तर सहा वेळा. स्वल्पविराम देऊन दोन नमुने जोडले तर ही अडचण टळते, पण नेट हवंच.

स्क्रॅबलवाल्या साइट्स बऱ्याच जणांना पहिल्यांदा सापडतात, त्यांचा घोळ आधी सांगतो. तिथे अक्षरं टाकली की बहुधा फक्त त्याच अक्षरांतून बनणारे शब्द मिळतात. 'ही अक्षरं असलेले' आणि 'याच अक्षरांचे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय पट 15 बाय 15 घरांचा, म्हणून खेळाच्या अधिकृत यादीत 15 अक्षरांपुढचा शब्दच नसतो. 'व्हेंट्रिलोक्वाइझिंग' बरोबर 15 अक्षरांचा, तो तिथे बसतो. त्याहून लांब हवा असेल तर त्या यादीत वेळ घालवू नका.

एआयला विचारायचा मोह मलाही झाला. जे आणि एक्स असलेला, किमान बारा अक्षरी शब्द सांग म्हटलं, तर त्याने 'जक्स्टापोज' दिला आणि वर ठणकावून सांगितलं की अक्षरं बारा. मोजली, नऊ. 'जक्स्टापोझिशन' दिला असता तरी तेरा भरली असती. ही यंत्रं मजकूर अक्षराअक्षराने वाचत नाहीत, तुकड्यातुकड्याने वाचतात, म्हणून स्पेलिंगच्या मोजणीत घसरतात. शब्दाचा अर्थ किंवा वाक्यात वापर विचारायला ठीक. अक्षरं मात्र स्वतः बोटाने मोजावीत.

भाचीला मी शेवटी शब्दांची साधी फाइलच दिली. एनेबल नावाची यादी फुकट मिळते, साधारण पावणेदोन लाख शब्द. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात ती चिकटवली, शेजारच्या रकान्यात 'लेन'चं सूत्र म्हणजे अक्षरसंख्या. मग फिल्टर: शब्दात क्यू आहे आणि झेड आहे, संख्या दहा किंवा जास्त. क्रम कुठलाही असो, दोन्ही सापडतात. त्या फिल्टरच्या खिडकीत एका रकान्याला दोनच अटी बसतात. तिसरं अक्षर हवं असेल तर शब्दांचा रकाना शेजारी पुन्हा चिकटवून तिथे तिसरी अट लावायची. नेट लागत नाही, लाइट गेली तरी बॅटरीवर चालतं.

संगणक लिनक्स किंवा मॅक असेल तर हेच काम ग्रेप या आज्ञेने डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं: आधी क्यू गाळून घ्या, त्यातून झेड, त्यातून बारापेक्षा लांब. मी स्वतः हेच वापरतो, पण एक्सेल येणाऱ्या माणसाने यासाठी नवीन काही शिकावं असं मी म्हणणार नाही.

खरी निवड साधनाची कमी आणि यादीची जास्त असते. मॅकमधली जुनी यादी 1934 सालच्या वेबस्टर डिक्शनरीवरून घेतलेली, सव्वादोन लाखांवर शब्द, पण अनेकवचनं आणि आयएनजीची रूपं बरीचशी गायब. तिच्यात सर्वांत लांब शब्द 24 अक्षरांचा आहे, एनेबलमध्ये 28 चा. फुप्फुसाच्या आजाराचं ते 45 अक्षरी नाव, जे प्रश्नमंजूषेत हमखास विचारतात, ते 1935 मध्ये कोड्यांच्या शौकिनांनीच रचलं, त्यामुळे त्या वेबस्टरमध्ये असण्याचा प्रश्नच नाही. लिनक्सच्या यादीत अपॉस्ट्रॉफी-एसवाले शब्दही असतात, ते आधी गाळले नाहीत तर लांबी फुगते.

आणि झेडचा एक सापळा. अमेरिकन याद्यांत 'मॅक्सिमायझेशन' झेडने, आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एसने. भाचीच्या सातवीतल्या एका मुलाने फळ्यावरचा शब्द पुस्तकाशी ताडून पाहिला आणि उभा राहिला, "मॅडम, चुकलं." तिने मला फोन केला, "मामा, आता काय सांगू?" मी म्हटलं, दोन्ही स्पेलिंगं फळ्यावर शेजारी लिही आणि त्या पोराला जास्तीचे 10 गुण दे, झेडचे.