८×४२ ची दुर्बीण : जैसलमेरचं वाळवंट आणि नागपूरचे तीन ऋतू

गेल्या दिवाळीच्या आधी घेतलेली ही दुर्बीण, आता पोळा तोंडावर आला तरी जवळजवळ रोज गळ्यात असते. हिवाळ्यात अंबाझरी, गोरेवाडा आणि उमरेडकडची तळी झाली, जानेवारीत जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क झालं, मग नागपूरचा उन्हाळा आणि आता हा पावसाळा. किंमत २५ ते ३० हजारांच्या मधली. ईडी काच (रंगीत कडा कमी करणारी), रूफ प्रिझम (सरळ नळीचा आकार देणारा), आत नायट्रोजन भरलेला (आतल्या भिंगांवर वाफ आणि बुरशी धरू नये म्हणून). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या किमतीतल्या कुठल्याही चांगल्या दुर्बिणीला लागू पडतं. उघड्या, कोरड्या मुलखात पायी फिरून पक्षी बघायचे असतील तर १० पट मोठं दाखवणारीच्या मागे लागू नका, ८ पटीची घ्या (८×४२ मधला पहिला आकडा म्हणजे ही पट).

सगळीकडे याच्या उलट सांगितलं जातं. जंगलात ८, माळावर १०. कारण माळावर पक्षी लांब असतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण माळावर आणि वाळवंटात नजर कुठे अडते ते आधी बघायला हवं. ती काचेपाशी अडत नाही, हवेपाशी अडते. ऊन चढलं की जमीन तापते, तिला चिकटलेली हवा तापते, वरची त्या मानाने थंड राहते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो आणि हे थर सतत हलत असतात, म्हणून पलीकडचं सगळं लहरायला लागतं. दुर्बीण पक्ष्याला मोठं करते तशी या लहरींनाही मोठं करते. १० पटीत पक्षी थोडा मोठा दिसतो आणि त्याचं थरथरणंही तेवढंच वाढतं. हातात काही जास्तीचं येत नाही.

जैसलमेरला माझ्याबरोबर आलेल्या मित्राकडे १०×४२ होती. पार्कातल्या सुदासरीच्या बाजूला सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघं एकाच टेकाडावरून एकाच ठिपक्याकडे बघत होतो. तो म्हणाला, "काही दिसून नाही राहिलं भाऊ, नुसतं पाणी हलून राहिलं." दुर्बिणी बदलून बघितल्या. माझ्या ८ पटीतून निदान एवढं कळत होतं की तो चिंकारा आहे, मान वर करून उभा आहे आणि त्याच्या मागे आणखी दोन आहेत. त्यानंतर तो बराच वेळ माझीच दुर्बीण मागत राहिला.

या दोन्ही दुर्बिणींच्या पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. त्याला पटीने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८ पटीला तो सव्वापाच मिलिमीटर येतो, १० पटीला ४.२. भर दुपारी हा फरक जाणवत नाही, पहाटे जाणवतो. आणि वाळवंटातली खरी वेळ पहाटेचीच, कारण तेव्हा हवा थंड आणि स्थिर असते. इथे नागपूरकरांनी एक लक्षात ठेवावं. जैसलमेर आपल्या पश्चिमेला सुमारे आठ रेखांश आहे, म्हणजे सूर्य तिथे अर्ध्या तासाहून जास्त उशिरा उगवतो. जानेवारीत सात वाजताही धड उजाडलेलं नसतं. आपल्या सवयीने निघालात तर अंधारात पोहोचाल, आणि ते चांगलंच आहे. पहिला उजेड हातचा जात नाही. उन्हं वर आल्यापासून साडेनऊ-दहापर्यंतचा वेळ सोन्याचा. त्यानंतर जवळच्या झुडपांतले पक्षी बघा, क्षितिजाकडे बघत बसू नका.

दुर्बिणीची परीक्षा खरी घेतली ती रणगोज्यांनी, म्हणजे व्हीटिअर या छोट्या पक्ष्यांनी. नागपूरच्या आसपास आपण गप्पीदास बघून सरावलेले असतो; तिकडे प्रत्येक दगडावर, प्रत्येक आकाच्या (रुईच्या) झुडपावर कुठला ना कुठला रणगोजा बसलेला. वाळूच्या रंगाचा, साधारण एकाच मापाचा. डेझर्ट व्हीटिअरचा नर काळ्या गळ्यावरून ओळखता येतो, पण मादी आणि इझाबेलाइन व्हीटिअर समोरासमोर आले की गोंधळ होतो. शेपटी बघितल्याशिवाय सुटका नाही. डेझर्टची शेपटी जवळजवळ बुडापर्यंत काळी, इझाबेलाइनची बुडाशी पांढरी आणि टोकाला काळा रुंद पट्टा. ही शेपटी उघडते पक्षी उडताना, ते एक-दोन क्षण. तेवढ्यात फोकस लागला तर लागला. माझ्या दुर्बिणीचं चाक जवळच्या झुडपापासून लांबच्या दगडापर्यंत पाऊण फेऱ्यातच जातं, आणि या एका गोष्टीसाठी मी तिला पूर्ण गुण देते. ईडी काचेचा उपयोगही इथेच कळला. पांढऱ्या बुडाला लागून काळी शेपटी असली की स्वस्त दुर्बिणीत त्या सीमेवर जांभळी कड दिसते आणि पट्टा किती रुंद आहे ते ठरवता येत नाही. इथे ती कड नजरेच्या मध्यात दिसली नाही. अगदी काठावर थोडी दिसते.

स्टोलिझ्काचा गप्पीदास हा माझ्या यादीतला सगळ्यात हवाहवासा छोटा पक्षी. फर्डिनांड स्टोलिझ्का हा भूशास्त्रज्ञ. त्याने १८७२ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. पांढरी भुवई, जमिनीवर तुरुतुरु चालण्याची सवय, आणि मधेच छाती फुगवून अंग डावीकडे-उजवीकडे डोलवण्याची त्याची खास लकब. सेवण गवताच्या गचपणात तो चालत गेला की पुढे कुठे निघेल सांगता येत नाही. माझ्या दुर्बिणीत हजार मीटरवर साधारण १३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, मित्राच्या १० पटीत याहून बराच कमी. गवतातून निघणारा पक्षी हा रुंद पट्टाच पकडून देतो.

पखुर्ड्यांच्या (सँडग्राउजच्या) बाबतीत तर रुंदीला पर्यायच नाही. सकाळी पाण्यावर येतात, आवाज आधी, मागोमाग थवा, आणि वेग असा की दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत डोक्यावरून निघून गेलेला. पिल्लांच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी घेऊन जातो. जानेवारीत ते बघायला मिळत नाही, पण पाण्याच्या काठावर पोट टेकून बसलेले पक्षी बघितले की ही गोष्ट आठवतेच.

आता माळढोक. तिकडे गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं. नाव राष्ट्रीय उद्यानाचं असलं तरी कायद्याने ते १९८० पासून अभयारण्यच आहे, म्हणून आत गावं आहेत, ढाण्या (छोट्या वस्त्या) आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत. परवानगी जैसलमेरच्या वन विभागाकडून आधी काढावी लागते आणि स्थानिक वाटाड्या घेणं फार उपयोगी. सीमेलगतचा भाग असल्यामुळे कुठे जायचं आणि कुठे नाही हे त्याच्याच सांगण्यावरून ठरवावं.

माळढोकाच्या जवळ जायचं नाही, हा नियम वाटाड्याने सांगण्याआधी आपणच पाळायचा. जगात मोकळ्या रानात हे पक्षी दीडशेच्या आत उरलेत आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. मग एवढ्या लांबून ८ पट पुरते का? पुरते. नर मीटरभर उंच आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचा. सेवण गवतावर आधी पांढरी मान दिसते, मग डोक्यावरची काळी टोपी, मग ती संथ, एकेक पाऊल जोखत चालण्याची ढब. सकाळच्या स्थिर हवेत हे सगळं मला स्वच्छ दिसलं. डोळा भरून आला, दुर्बीण खाली घ्यावी लागली.

त्याच दृश्यात, त्याच्या पलीकडे, विजेच्या तारा होत्या. रुंद पट्ट्यामुळे पक्षी आणि तारा एकदमच नजरेत येत होत्या आणि ते बघणं कठीण गेलं. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला फार थोडं दिसतं, आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. तारांना आपटून हे पक्षी मरतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो बदलून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. काही तारांवर पक्ष्यांना दिसावेत म्हणून लटकन लावलेत, ते दुर्बिणीतून दिसतात. विदर्भातल्या माणसाला हे परकं नाही. आपल्याकडे वरोरा-भद्रावतीच्या शेतशिवारात हा पक्षी दिसत आलाय, सोलापूरकडे नान्नजचं अभयारण्य त्याच्याच नावाने ओळखलं जातं. जो पक्षी बघायला आपण पार जैसलमेरला जातो, तो आपल्याच माळावरून नाहीसा होतो आहे.

वाळूबद्दल सविस्तर लिहिते, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. वाळूचे कण म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, काचेपेक्षा कठीण. भिंगावर धूळ बसली आणि तुम्ही ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने पुसलीत की काचेवरच्या लेपावर ओरखडे आलेच, आणि ते जन्मभर राहतात. आधी दुर्बीण उलटी धरून रबरी ब्लोअरने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड. ब्लोअर नागपुरात सीताबर्डीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो, दुर्बीण घेताना सोबतच घ्या. मी डोळ्याकडच्या भिंगांचं झाकण नेहमी लावून ठेवत होते. ते पट्ट्यात ओवलेलं असतं, हरवत नाही. पुढच्या भिंगांची झाकणं मात्र पहिल्याच आठवड्यात सैल पडली आणि चालताना आपोआप निघायला लागली. ती काढून ठेवली.

पट्टा बदलाच. सोबत आलेला अरुंद पट्टा घालून सकाळभर चालले की संध्याकाळी मान धरते. सातशे ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. खांद्यांवरून पाठीवर फुली करणारा हार्नेस घेतला तेव्हापासून वजन जाणवत नाही आणि वाकलं तरी दुर्बीण छातीवर आपटत नाही.

चालण्याबद्दल थोडं. जैसलमेर म्हटलं की सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात, पण पक्ष्यांसाठी आपण चालतो ते बरंचसं खडीचं, कठीण जमिनीचं सपाट मैदान. घोट्यापर्यंतचे बूट पुरतात. खरा त्रास भुरटाचा. या गवताची काटेरी बोंडं मोज्यात, लोकरीच्या टोपीत, फ्लीसच्या जॅकेटात अडकतात आणि काढताना बोटात शिरतात. घट्ट विणीची सुती पँट आणि बुटांवरून गेटर (पोटरीपर्यंतचं कापडी आवरण), हा उपाय लागू पडला. पहाटे चांगलीच थंडी, अकरा वाजता स्वेटर कमरेला.

नागपुरात परतल्यावर दुर्बिणीचे हाल वेगळे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीत ती क्षणभरही ठेवू नये. रबराचं आवरण चिकट होतं आणि आतलं वंगण पातळ होतं. पावसाळ्यात वेगळी काळजी. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. नायट्रोजन आतल्या भिंगांना वाचवतो, बाहेरच्यांना नाही. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या ओल धरल्या की तव्यावर सुकवून परत आत. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नका, ओल तिथेच साचते.

दोन तक्रारी आहेत. उजवीकडचा आयकप (डोळा टेकवायची रबरी वाटी) पाचव्या-सहाव्या महिन्यात ढिला झाला. वर ओढून ठेवला तरी दाबाने खाली बसतो. वॉरंटी होती म्हणून दुरुस्तीला पाठवली, परत यायला महिन्याहून जास्त लागला आणि त्या काळात फोन केला तर नीट उत्तर मिळत नव्हतं. घेण्याआधी दुरुस्ती कुठल्या शहरात होते हे विचारून घ्या. दुसरी तक्रार थंडीतली. जैसलमेरच्या पहाटे फोकसचं चाक जड फिरत होतं. जॅकेटच्या आत, अंगाशी धरून ठेवली की पुन्हा मोकळं.

चष्मा असेल तर आय रिलीफ (भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १६ मिलिमीटरच्या वर आहे का बघा आणि दुकानात चष्मा घालूनच बघा, कडेने काळं दिसलं तर ती तुमच्यासाठी नाही. डाव्या-उजव्या डोळ्याचा फरक जुळवणारी डायॉप्टरची कडी अडकून राहणारी आहे का तेही तपासा. माझी अडकत नाही, त्यावर मी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन खूण केली आहे.

स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची, एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण) न्यावा का, असं बरेच जण विचारतात. तळ्याकाठी, परडगावला पट्टकादंब हंस मोजायचे असतील तर अवश्य. वाळवंटात पहिले दोन-अडीच तास त्याचा उपयोग होतो, मग लहरींपुढे तोही हरतो, आणि तिवई खांद्यावर घेऊन चालायचं ते वेगळंच. मी पुढच्या हिवाळ्यात राजस्थानातल्याच ताल छापर अभयारण्यात जाते आहे, आणि स्कोप घरी ठेवते आहे.