डोक्यातलं पाणी: शंट की दुर्बीण?

लेकीच्या पाठीवरची गाठ बंद केली, टाके सुकले, आता घरी सोडतील असं वाटत असतानाच डॉक्टर म्हणाले, "डोक्यात पाणी साठतंय. शंट टाकू, नाहीतर दुर्बिणीनं होतंय का बघू." त्या दिवशी मिरजेहून तासगावला येईपर्यंत आम्ही दोघं एसटीत एक शब्द बोललो नाही. स्पायना बिफिडाचं, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेलं, लेकरू असलेल्या बहुतेक घरांवर ही वेळ येते. २०११ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, जन्मानंतर पाठ बंद केलेल्या बाळांपैकी ८२ टक्क्यांना शंट बसवावा लागला होता.

शंट म्हणजे मेंदूतल्या पोकळीतून निघून कानामागून, कातडीखालून पोटात सोडलेली बारीक नळी. मध्ये एक झडप असते. जादा पाणी पोटात उतरतं आणि तिथंच जिरतं. बाळ कितीही लहान असलं तरी चालतो, आणि मेंदूच्या सर्जनांचा हात त्यावर बसलेला असतो. पण नळी ती नळीच. बुजते, निसटते, पोर उंच झालं की तोकडी पडते. जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा सगळी काढून नव्यानं घालावी लागते. पहिल्या वर्षातच तीनातला एक शंट बिघडतो असं धरून चाला. पुढंही कधी बिघडेल सांगता येत नाही. आमच्या लेकीचा दीड वर्षानं बुजला, तोही ऐन द्राक्षाच्या तोडणीत.

नातेवाईक हमखास विचारतात, "परदेशी भारीतला टाकला असता तर?" उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारा स्वस्त छाब्रा शंट आणि महागडा परदेशी शंट यांची युगांडात १९५ मुलांवर तुलना झाली. वर्षभरानं दोन्हींत लक्षात येण्याजोगा फरक निघाला नाही. नुसत्या त्यासाठी बागेवर कर्ज काढू नका.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला आतल्या आत वाट करून देतात. अंगात काहीच ठेवत नाहीत. ऐकताना हेच गोड वाटतं, आम्हालाही वाटलं. पण सगळं वयावर अडतं. यश किती मिळेल याचा अंदाज बांधायला सर्जन गुण मांडतात, ते तुम्हीही मांडून बघा. वय महिन्याच्या आत असेल तर ०, एक ते सहा महिने १०, सहा महिने ते वर्ष ३०, वर्षाच्या पुढं दहापर्यंत ४०. स्पायना बिफिडाचे २०. आधी शंट नसेल तर आणखी १०. म्हणजे दोन महिन्यांच्या बाळाची बेरीज ४०, छिद्र सहा महिने टिकण्याची शक्यताही साधारण तेवढेच टक्के. तेच बाळ अकरा महिन्यांचं असतं तर ६०.

पाणी तयार करणारी आतली जाळीही त्याच वेळी जाळली, तर तान्ह्या बाळांत हे यश वाढतं. डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी ही जोडपद्धत युगांडातल्या म्बाले इथं रुळवली. इथं मात्र सर्जनला तोंडावर विचारायचं: तुम्ही स्वतः अशा किती केल्यात, एवढ्या लहान बाळांच्या किती? त्यात संकोच कसला.

माझं मत विचाराल तर, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि जोडपद्धतीत मुरलेला सर्जन जवळ नसेल, तर शंट घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. वर्ष उलटलेल्या मुलासाठी आधी दुर्बिणीचं विचारा. जुना शंट बुजला तेव्हाही विचारा, कारण मधल्या काळात वयाचे गुण वाढलेले असतात.

छिद्र बुजायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच बुजतं, पण क्वचित कित्येक वर्षांनीही, एकाएकी. म्हणून नळी नाही तर घोर नाही, असं समजू नका. दोन्हींत घरातली राखण सारखीच. शिंप्याचा टेप आणून दर रविवारी डोक्याचा घेर वहीत लिहा. पहिले तीन महिने तो महिन्याला दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. पंधरवड्यातच तेवढा वाढला तर थांबू नका. शेजारच्या काकू "डोकं आजोबांवर गेलंय" म्हणतील, म्हणू द्या. टाळू फुगली, डोळे खाली वळले, उलट्या थांबेनात, पोर जागं होईना, तर त्याच रात्री निघायचं. जत-आटपाडीकडच्यांनी गाडीवाला आधीच बोलून ठेवावा, आणि जुन्या सीटीच्या फिल्मा दाराजवळच्या पिशवीत.